अधिक मास : गणिताचा महिना, दानाचा महिना



अधिक मास जवळ आला की, ज्या घरची कन्या नुकतीच सासरी गेली आहे त्या घरी एक प्रश्न हटकून उभा राहतो : ‘जावयास यंदा काय द्यावे ?’ परंतु हा महिना मुळात आला कोठून, त्यात दान कशाचे सांगितले आहे, आणि आजचे रूप त्यास कसे प्राप्त झाले, हे विचारणारे थोडे. तो इतिहास आपल्या स्मरणिकेत यथामति मांडावा, असे आम्हांस वाटले.

आपले महिने चंद्रावरून चालतात व ऋतू सूर्यावरून. चांद्र वर्षाचे दिवस सुमारे ३५४ आणि सौर वर्षाचे सुमारे ३६५. म्हणजे दरसाल जवळजवळ अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही, तर काही वर्षांनी दिवाळी ऐन पावसाळ्यात येईल व श्रावण वैशाखाच्या उन्हात. हिजरी कालगणनेत अधिक महिना धरीत नाहीत, म्हणून मोहरम सर्व ऋतूंतून फिरत असतो. आपल्या पूर्वजांस पेरणी, कापणी आणि सणवार यांची सांगड राखावयाची होती. म्हणून त्यांनी साचलेल्या दिवसांचा एक महिना करून तो मधूनमधून वर्षात घालण्याची युक्ती काढली.

ही युक्ती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील वरुणसूक्तात बारा महिन्यांबरोबर आणखी उपजणाऱ्या महिन्याचा उल्लेख आहे. वेदांगज्योतिषात पाच वर्षांचे एक युग मानून त्यात दोन अधिक मास धरले आहेत. पुढे सिद्धान्तकारांनी गणित सूक्ष्म केले. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात १५,९३,३३६ अधिक मास येतात. भागाकार केला असता सुमारे ३२ सौर मास व १६ दिवस एवढे अंतर निघते. ‘दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना’ असे आपण ढोबळपणे म्हणतो, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे.

कोणता महिना अधिक धरावा याचा नियमही सुटसुटीत आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्याने एकाही राशीत प्रवेश केला नाही, म्हणजे संक्रान्त झाली नाही, तर तो महिना अधिक. पुढील महिन्याचेच नाव त्यास मिळते. उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य एका राशीत अधिक दिवस राहतो, म्हणून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन यांतच पडतो. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात आणि मग बहुधा तोच क्रम पुन्हा सुरू होतो. सन १९८५, २००४ व २०२३ या तिन्ही साली अधिक श्रावणच आला, हे त्याचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

संक्रान्तीवाचूनचा हा महिना धर्मशास्त्राने ‘मलमास’ म्हणून बाजूस ठेविला. त्यात विवाह, उपनयन, वास्तुप्रवेश इत्यादी मंगल कार्ये वर्ज्य. नित्यकर्मे मात्र चालू. सर्वांनी अव्हेरिलेला तो महिना विष्णूस शरण गेला व भगवंतांनी त्यास आपले ‘पुरुषोत्तम’ हे नाव दिले, अशी पुराणकथा आहे. ज्यास कोणी धनी नव्हता त्यास प्रत्यक्ष देवाने नाव द्यावे, यातील करुणा आम्हांस फार मोलाची वाटते. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदातीरी पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव आहे. यादव राजा रामचंद्र याचा मंत्री पुरुषोत्तम याने तेथे अग्रहार दिल्याचा शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट उपलब्ध आहे. त्या गावी पुरुषोत्तमाच्या दर्शनास अधिक मासात मोठी यात्रा भरते.

या महिन्याचे मुख्य आचार म्हणजे स्नान, एकभुक्त, दीपदान आणि तेहतीस अपूपांचे दान. अपूप म्हणजे गोड घारगा. आपल्याकडे त्याच्या जागी तांदूळ-गुळाचा जाळीदार अनारसा आला. मूळ विधीत दानाचे पात्र ब्राह्मण होय. कन्येस लक्ष्मी व जावयास नारायण मानून वाण देण्याची प्रथा ही लोकाचाराची जोड आहे. तीत वावगे काही नाही. परंतु अनारशांच्या ताटाखाली हळूहळू चांदीचे तबक आले, तबकात अंगठी आली, आणि दानाचे येणे झाले!

यात आम्हीही निर्दोष नाही. सन १९८५ च्या अधिक श्रावणात आम्ही नवे जावई होतो. आमचे सासरे लहान शेतकरी. त्यांनी चांदीचे तबक, पोशाख व अंगठी दिली. आम्ही ती आनंदाने घेतली आणि पंगतीत मिरविलीही. एकोणीस वर्षांनी, २००४ च्या अधिक श्रावणात, बोलण्याच्या ओघात सासूबाईंच्या तोंडून निघून गेले की, त्या तबकासाठी घरची दुभती गाय विकावी लागली होती. तोवर सासरे निवर्तले होते. क्षमा मागावयास आम्हांस कोणी उरले नव्हते. आमच्या सौ. ला हे पहिल्यापासून ठाऊक होते. तिने कधी उच्चार केला नव्हता.

सन २०२३ मध्ये पुन्हा अधिक श्रावण आला, तेव्हा आमच्या चिरंजीवांचे लग्न होऊन वर्ष झाले होते. आम्ही व्याह्यांस पत्र लिहिले, ‘तेहतीस अनारसे आणि एक दिवा, यापलीकडे काही आणू नये.’ घरात थोडी कुजबुज झाली, लोक काय म्हणतील असे निघाले. व्याह्यांनी तरीही भीडेपोटी अंगठी आणिली. चिरंजीवांनी अनारसे उचलून घेतले, अंगठी ताटातच राहू दिली, आणि ताट परत त्यांच्या हाती दिले. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या मनात ती गाय होती.

ज्ञातिबांधवहो, मुलीच्या बापाने ‘देणार नाही’ म्हणणे कठीण असते. मुलाच्या बापाने ‘घेणार नाही’ म्हणणे सोपे आहे. म्हणून हा आरंभ वरपक्षाकडूनच झाला पाहिजे. आपल्या संस्थेने वार्षिक सभेत तसा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. परंतु ठरावाची वाट न पाहता प्रत्येक घराने आपल्यापुरते ठरविण्यास कोणाची आडकाठी आहे?

सूर्य व चंद्र यांच्या हिशेबातील तूट भरून काढण्यासाठी हा महिना निर्माण झाला. त्याच्या निमित्ताने एखाद्या गरीब पित्याच्या संसारात तूट पडू नये, एवढीच पुरुषोत्तमाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतो.