देशाचे गाणे कोणते?

माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवतीच्या परिसरात गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. एकाच वस्तीत चार भाषा कानी पडतात. आमच्या गायकवृंदातील तरुण मंडळी मध्यंतरी जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या एका कार्यक्रमाची तयारी करीत होती. एका मुलीने ढेमसाच्या ठेक्यावरचे गोंडी गीत सुचवले. दुसरा लगेच म्हणाला, "फादर, तिथं आपलं गाणं कोण ऐकणार? देशाचं वाटेल असं काहीतरी हिंदी घेऊ या." मुलगी गप्प बसली. आम्हालाही तत्काळ उत्तर सुचले नाही. देशाचे गाणे म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न मात्र मनात घोळत राहिला.

हा प्रश्न जगातील मोठमोठ्या राष्ट्रांनाही पडलेला आहे. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनी मिळून युरोव्हिजन ही गीतस्पर्धा सुरू केली. १९६५ साली स्वीडनचा गायक इंग्रजीतून गायला, तेव्हा वाद उपस्थित झाला आणि पुढच्याच वर्षी असा नियम आला की, प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय भाषेतच गावे. १९७३ साली तो शिथिल झाला, १९७७ साली परत आला आणि १९९९ साली कायमचा उठला. नियम शिथिल असतानाच, १९७४ साली, स्वीडनच्याच आब्बा या गायकसमूहाने इंग्रजी गीत गाऊन स्पर्धा जिंकली. उलट १९९६ साली फ्रान्सने आपल्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रेटन भाषेतले गीत पाठवले. गुणांच्या यादीत ते फार खाली राहिले. तथापि फ्रेंच भाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्राने आपल्या एका लहान भाषेला देशाच्या नावाने उभे केले, ही गोष्ट गुणांहून मोठी होती.

भारत युरोव्हिजनमध्ये नव्हता. परंतु पूर्व युरोपातही असे महोत्सव भरत असत. तत्कालीन पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव त्यांपैकीच एक. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात होरपळलेल्या या नगरीत १९८६ साली भारताचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला तो गोव्यातील शिवोली गावचा रेमो फर्नांडिस. तो एकाहून अधिक पारितोषिके घेऊन परतला. त्यांत समीक्षकांचे आणि श्रोत्यांच्या पसंतीचे अशी दोन्ही होती. जाणकार व सामान्य रसिक यांचे एकमत क्वचितच होते, हे वाचकांना सांगावयास नको.

हा तरुण मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकलेला. १९८४ साली त्याने आपली पहिली ध्वनिफीत, 'गोवन क्रेझी', घरच्या घरी तयार केली. गीते त्याची, चाली त्याच्या, वाद्येही त्यानेच वाजवलेली. फिती स्कूटरवर घालून तो दुकानोदुकानी फिरला. ड्रेस्डेनच्याच वर्षी त्याने तरुणांना मादक पदार्थांपासून सावध करणारी गीते प्रसिद्ध केली. त्याची गीते बहुतांशी इंग्रजी, हाती गिटार. मग हा भारताचा आवाज कसा, असे कोणी विचारील.

याचे उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकापासून तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबरच गायन, स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई. मिस्सेतील गायनासाठी झालेली ही तयारी पुढे घराघरांत उतरली. पाश्चात्त्य सुरावट आणि कोंकणी शब्द यांच्या मीलनातून एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला. त्याच शिदोरीवर गोव्याचे वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मानाने बसले. माजोर्डा गावात १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक थोर नाव. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गीतात गुरूंचे नाव अमर केले. देशभर जे संगीत 'हिंदी' म्हणून गुणगुणले जाते, त्यात गोव्याच्या धर्मग्रामांचा असा मोठा वाटा आहे. ज्याला आपण परके समजतो ते चार शतके याच मातीत रुजलेले असते.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी; कोंकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९९२ साली. गोव्याचे गाणे त्याआधीच, १९८६ साली, भारताचे म्हणून जगापुढे गेले होते. कागदावरची मान्यता मागाहून आली, गाणे पुढे चालत होते. २००७ साली रेमोला पद्मश्री मिळाली. आणि आमच्या पहाडापलीकडे, तेलंगणातील मार्लवाई गावच्या कनकराजू या गुसाडी नृत्यगुरूंना २०२१ साली तोच बहुमान जाहीर झाला. गिटार वाजवणारा गोवेकर आणि मोरपिसांचा मुकुट घालून नाचणारा गोंड, या दोघांना देशाने एकाच पदवीने गौरवले.

धर्मसभेनेही हे ओळखले आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा, असे स्पष्ट सांगितले आहे. असे असूनही आमच्या मुलांना आपल्या आजीचे गाणे व्यासपीठावर म्हणावयास संकोच वाटतो, यात दोष मुलांचा नाही. आम्ही वडीलधाऱ्यांनीच त्यांना ते गाणे कौतुकाने म्हणून दाखवलेले नाही.

पुढच्या सरावाला आम्ही ही हकीकत मुलांना सांगितली. मुलीने गीत पुन्हा म्हटले. दुसरे कडवे तिला आठवेना. ते तिच्या आजीलाच ठाऊक आहे, असे ती म्हणाली. वाचकहो, अशी दुसरी कडवी आपल्याही घरी असतील. आजी-आजोबा आहेत तोवर ती विचारून घ्यावीत.