नास्तिकता : साधन की ओळख? बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

1967 च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले. दहा वर्षांनी, 1977 मध्ये, याच मतदारसंघाने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठविले. परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, तेथीलच मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या, कपिलधार येथील मन्मथस्वामींचे स्थान अशी श्रद्धास्थाने ज्या जिल्ह्यात आहेत, त्याने भौतिकवाद मानणाऱ्या पक्षांना दोनदा कौल द्यावा, हे वरवर पाहता आश्चर्यकारक वाटते. शेतकरी-शेतमजुरांचे प्रश्न आणि 1977 ची आणीबाणीविरोधी लाट यांच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण केले जाते व ते योग्यही आहे. मात्र नास्तिकतेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मतदारांनी देवाविषयी कोणताही निर्णय दिला नव्हता; तसा निर्णय त्यांच्याकडे कोणी मागितलाही नव्हता.

नाना पाटलांची वैचारिक जडणघडण सत्यशोधक चळवळीत झाली. सत्यशोधक विचाराला सरसकट नास्तिक म्हणण्याची प्रथा चुकीची आहे. महात्मा फुले यांनी ‘निर्मीक’ मानला होता. त्यांचा विरोध निर्मीक आणि मनुष्य यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या दलालाला होता. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळात पुरोहिताविना, अल्प खर्चात लावले गेलेले विवाह याच परंपरेतील होत. कर्जातून लग्न आणि लग्नातून पुन्हा कर्ज, या चक्रात अडकलेल्या कुटुंबाला अशा विवाहाचा उपयोग समजावून सांगावा लागत नसे. धर्मचिकित्सा येथे साधन होती आणि साधन म्हणूनच ती ग्रामीण महाराष्ट्राने काही अंशी स्वीकारली.

शहरी सुधारकांचा अनुभव निराळा आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली, ती एखाद्या विशिष्ट सुधारणेपुरत्या रागातून नव्हे. हा मनुष्य आपल्यातला नाही, असे त्यातून जाहीर करावयाचे होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. संततिनियमन हे त्यांचे कार्य, तर निरीश्वरवाद हा त्यांचा स्वभाव. कार्याला पुढे राजमान्यता मिळाली, स्वभावाला मिळाली नाही.

साधन म्हणून नास्तिकतेचे समर्थन करणाऱ्यांपुढे बीड जिल्हा एक अडचण उभी करतो. पाटोदा तालुक्यातील सावरगाव येथे जन्मलेल्या संत भगवानबाबांनी (निधन 1965) कीर्तनाच्या माध्यमातून पशुहत्येला विरोध केला आणि शिक्षणाचा आग्रह धरला. अंधश्रद्धेचा प्रतिकार हेच नास्तिकतेचे प्रयोजन मानले, तर त्यातील बराच भाग विठ्ठलभक्ताने पार पाडला, आणि तोही ज्या श्रोत्यांपर्यंत बुद्धिवादी व्याख्याता क्वचितच पोहोचतो त्यांच्यापर्यंत. मग नास्तिकाचे वेगळे असे काय उरते? साधनाला पर्याय मिळाला की साधन टाकून देता येते; पण देव नाही हे मनापासून पटलेल्या माणसाला ते टाकून देता येत नाही. ती त्याची उपयुक्तता नसून त्याचे सत्य असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना ही अडचण पूर्णपणे ठाऊक असावी. ते स्वतः नास्तिक होते; परंतु 1989 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव आणि धर्म यांविषयी तटस्थ राहण्याची भूमिका घेतली. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध हा तिचा कार्यक्रम होता व त्यात श्रद्धावान कार्यकर्त्यालाही स्थान होते. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करण्याची भाषा उघडपणे करीत; तरीही हे दोघे एकाच व्यासपीठावरून बोलले, ही महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातील एक सुंदर बाब म्हणावी लागेल. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन इत्यादींना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट नमूद आहे. देवाला हात न लावणारी चळवळदेखील धर्मद्रोही ठरविली गेली. तटस्थतेमुळे चळवळीचा पाया विस्तारला, परंतु तिच्या प्रवर्तकाला त्या तटस्थतेचे संरक्षण मिळाले नाही.

ओळख म्हणून नास्तिकतेचा प्रश्न शासनदरबारी त्या मानाने उशिरा आला, आणि तोही अर्जातील रकान्यांच्या रूपाने. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. रणजीत मोहिते व इतर यांच्या याचिकेवर निर्णय देताना, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मधील विवेकस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे आणि शासन कोणालाही धर्म जाहीर करण्यास भाग पाडू शकत नाही, असे स्पष्ट केले. गंमत अशी, की याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. येशू ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणताही धर्म आपला नाही, अशी त्यांची भूमिका होती. निधर्मी असण्याचा अधिकार अशा रीतीने श्रद्धावंतांनी मिळवून दिला.

हा अधिकार बीडसारख्या जिल्ह्यात कितपत वापरता येतो, हा प्रश्न निराळा. येथे शाळाप्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरी या प्रत्येक टप्प्यावर जातीचा दाखला लागतो आणि कित्येकदा त्याला धर्माची नोंद जोडलेली असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील पहिल्या पदवीधराने हा रकाना कोरा ठेवावा, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. त्याचा भुर्दंड मात्र अपेक्षा करणाऱ्याला बसत नाही. त्यामुळे जिल्ह्यात नास्तिक किती, याचे उत्तर कागदोपत्री शोधण्यात फारसा अर्थ नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 हजार व्यक्तींची नोंद नास्तिक अशी झाली, तर ज्यांचा धर्म नोंदविला गेला नाही अशांची संख्या 28 लाखांहून अधिक होती. नास्तिकांची ही नोंद ज्या वर्गात करण्यात आली, त्याचे शीर्षक ‘इतर धर्म व पंथ’ असे आहे.