रात्री तीनला जाग येते? तीनशे वर्षांपूर्वीही यायची!

रात्रीचे तीन वाजलेत आणि डोळे टक्क उघडे. हात आपोआप उशापाशी ठेवलेल्या मोबाईलकडे जातो आणि डोक्यात हिशेब सुरू होतो: आत्ता झोप लागली तरी साडेतीनच तास मिळणार. ओळखीचं वाटतंय ना? मग आजची गोष्ट तुमच्यासाठीच.

17व्या शतकाचा शेवट, उत्तर इंग्लंडमधलं एक गाव. जेन राउथ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची आई रात्री उठली आणि शेगडीपाशी पाइप ओढत बसली. तेवढ्यात खिडकीशी दोन माणसं आली आणि तिला बाहेर चल म्हणाली. ती गेली, ती परत आलीच नाही. तिचा खून झाला होता. पुढे जेनने साक्ष दिली. त्यात ती सहज सांगून गेली, की आई 'पहिल्या झोपेतून' उठली होती.

तीनशे वर्षांनी अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च लंडनमध्ये जुने कागद चाळत असताना या शब्दांपाशी अडले. पहिली झोप म्हणजे दुसरीही असणार की! मग त्यांना डायऱ्यांत, वैद्यकाच्या पुस्तकांत, अगदी फ्रेंच आणि इटालियन लिखाणातही तेच सापडत गेलं. 2001 मध्ये त्यांनी हे मांडलं. युरोपातले लोक रात्री एक झोप काढून उठायचे, तासभर जागे राहायचे, प्रार्थना करायचे, गप्पा मारायचे, गुरं बघून यायचे आणि परत झोपायचे. यात कुणाला आजार दिसत नव्हता.

मग बदललं काय? दिवे आले! 1807 मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, 1879 मध्ये एडिसनचा बल्ब आला. झोपायची वेळ पुढे सरकली, पण कामावर जायची वेळ पक्की राहिली. रात्रच आखूड झाली, मग दोन झोपा मावणार कुठे? हळूहळू 'पहिली झोप' हा शब्दच विसरला गेला. मधली जाग मात्र राहिली आणि तिला आपण निद्रानाश म्हणायला लागलो.

1990च्या सुमारास थॉमस वेर या संशोधकाने अमेरिकेत काही निरोगी माणसांना महिनाभर रोज 14 तास अंधारात ठेवलं. शेवटी त्यांची झोप आपसूक दोन तुकड्यांत विभागली गेली!

पण थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. 2015 मध्ये जेरोम सीगल यांच्या गटाने टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या लोकांची झोप मोजली. विजेशिवाय राहणारी ही माणसं बहुतेक एकाच टप्प्यात झोपत होती. म्हणजे दोन झोपा हा काही निसर्गनियम नाही. काळ बदलला, मुलूख बदलला की झोपेची पद्धतही बदलते. पण एवढं नक्की, की मध्येच जाग आली म्हणजे आपल्यात काही बिघडलंच, असं नाही.

पहाटेकडे झोप तशीही हलकी होते. खरा त्रास देते ती जाग आल्यावरची धास्ती. म्हणून घड्याळ बघू नका, मोबाईल हाताला लागणार नाही असा ठेवा. वीसेक मिनिटं नुसती कूस बदलण्यात गेली तर उठा, मंद उजेडात शांत बसा आणि डोळे जड झाले की परत अंथरुणात या. 1972 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेला हा नियम निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा.

हे आठवड्यात तीन-तीन रात्री, तीन महिने चाललं असेल, दिवसा काम सुधरत नसेल किंवा मन सतत उदास असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. ते अंगावर काढू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हा भाग रात्री तीनला ऐकत असाल, तर फोन ठेवा आता!