सायकल चौकात अडते

मंडळी, सुरगाण्यात येऊन शहरातल्या चौकांवर बोलायचं, याचं काहींना नवल वाटेल. पण मानव विकास कार्यक्रमात ज्या तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्यांत सुरगाणा आहे. चढावर उतरून ढकलावी लागली तरी ही सायकल पोरीला शाळेपर्यंत नेते. पुढं ती कॉलेजसाठी नाशिकला किंवा पुण्याला गेली, की सायकल बहुधा घरीच राहते. असं का होतं, याचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला, दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलिसाची शिट्टी, हे सगळं जुन्या पुणेकरांना आठवतं. विद्यार्थी, प्राध्यापक, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. 1972 मध्ये बजाजची चेतक आली. स्कूटर आली आणि सायकल गेली, असं आपण सहज म्हणतो. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. ज्याला स्कूटर परवडत नव्हती त्यालाही रस्ता नकोसा झाला, आणि त्यात चौकाचा वाटा मोठा होता.

तो कसा, ते साध्या हिशेबानं पाहू. चौक 40 मीटर रुंद धरा. ताशी 40 किलोमीटरनं जाणारी स्कूटर तो चार सेकंदांच्या आत ओलांडते. ताशी 15 नं जाणाऱ्या सायकलला जवळजवळ 10 सेकंद लागतात. सिग्नलची वेळ स्कूटरच्या वेगावर बसवली, तर सायकलवाला मध्यावर असतानाच आडवी वाहनं सुटतात. फ्री लेफ्ट असेल तर सरळ जाणाऱ्याला डावीकडे वळणारी गाडी आडवी येते. कोपरा जितका गोल आणि ऐसपैस, तितकी ती वेगात वळते. उजवीकडे वळायचं, तर सगळी वाहतूक कापत मध्ये यावं लागतं.

2006 मध्ये पुण्यात बीआरटी सुरू झाली, तिच्या कडेनं सायकल मार्गही आखले गेले. पण कित्येक मार्ग चौकाच्या अलीकडेच संपले. म्हणजे धोका जिथं सुरू होतो, तिथंच सोबत सुटली.

हे अटळ नव्हतं. नेदरलँडमध्ये 1971 साली रस्त्यांवर 400 हून अधिक मुलं मेली. आईबाप रस्त्यावर उतरले. पुढच्या काळात तिथं सायकल मार्ग चौकाच्या पार नेले, कोपऱ्यावर उंचवटे बांधून गाड्यांचा वेग तोडला, सायकलला वेगळा सिग्नल दिला.

आपल्याकडे पैसा नाही, जागा नाही, असं म्हणतात. पण पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल 2020 मध्ये पाडून तिथं नवी आखणी झाली. म्हणजे चौक बदलता येतो. तो कुणासाठी बदलायचा, एवढाच प्रश्न उरतो.

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते मिळतात. तिथल्या पुढच्या आराखड्यात सुरगाण्याची पोर सायकलवरून पलीकडे कशी जाईल, हे आपण विचारलं पाहिजे. सायकल द्यायची आणि चौक तसाच ठेवायचा, तर तिचा प्रवास बारावीलाच संपतो.