मरणाच्या कारणाचा दुसरा साक्षी

मनुष्य जातो आणि त्याची कीर्ती मागे उरते, असे आपण म्हणतो. सरकारदप्तरी मात्र लहानथोर प्रत्येकाच्या मागे आणखी एक गोष्ट उरते. ती म्हणजे एका रकान्यात लिहिलेला एक शब्द, मरणाचे कारण. वारसास मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर हा शब्द नसतो, म्हणून आपले त्याकडे लक्ष जात नाही. पण अशा लक्षावधी शब्दांची बेरीज करूनच राज्यकर्ते ठरवितात की कोणत्या रोगावर पैसा खर्च करावा, कोठे दवाखाना काढावा, कोणती लस आधी आणावी. तो शब्द चुकला तर मेलेल्याचे काही बिघडत नाही; बिघडते ते जिवंतांचे. तेव्हा हा शब्द लिहितो कोण, आणि त्याने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे पाहतो कोण, ह्या दोन प्रश्नांचा इतिहास आज आपणापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ह्या इतिहासाचा पहिला धडा लंडन शहरात मिळतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथे प्लेगच्या साथी वारंवार येत, म्हणून दर आठवड्यास मृतांची यादी छापली जाई. घरोघर जाऊन प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम गरीब वृद्ध स्त्रियांकडे सोपविलेले असे. जॉन ग्रॉंट नावाच्या एका व्यापाऱ्याने ह्या याद्या वर्षानुवर्षे तपासून १६६२ साली त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवून दिले की लज्जास्पद रोगाने मेलेला मनुष्य यादीत क्षयाच्या नावावर जातो. कारण घरच्या मंडळींनी थोडे पैसे व पेलाभर मद्य दिले की त्या बिचाऱ्या बाईचे मत बदलते. पुढे १८३७ साली इंग्लंडात नोंदणीचे सरकारी खाते निघाले, विल्यम फार ह्या पंडिताने रोगांचे वर्गीकरण केले, आणि १८७४ च्या कायद्याने डॉक्टरचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. बाई गेली, डॉक्टर आला. प्रश्न सुटला असे लोकांस वाटले. तो सुटला नव्हता, हे पुढे येईलच.

आपल्या नागपूर-वऱ्हाडकडे हे काम गावच्या कोतवालाकडे होते. तो बहुधा निरक्षर असे. गावात जन्म झाला वा मरण झाले की कोणा लिहिता येणाऱ्याकडून आपल्या वहीत ते टिपून घ्यावे आणि ठरल्या दिवशी वही घेऊन ठाण्यावर जावे, अशी त्याची रीत. हीच ती 'कोतवाल बुक'. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचे नाव शोधीत आजही अनेक मंडळी ह्या वह्यांच्या नकला मागावयास जातात. पण त्याच वहीतून प्रांताचे आरोग्य मोजले जात होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कारणे मोजकीच असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, आणि उरलेली सर्व. पटकी आणि देवी कोणासही ओळखता येत. बाकीच्यांचे काय? अंग तापले व मनुष्य मेला की तो 'ताप'. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, नवजात बालकाचा जंतुदोष, सारे त्या एका शब्दाच्या पोटात गडप होत. यात कोतवालाचा दोष नाही. ज्यास नाडी पाहता येत नाही त्याच्याकडून निदान मागणे हाच मुळात अन्याय होता.

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा १९१८ साली झाली. त्या वर्षीच्या मानमोडीने हिंदुस्थानात जी प्राणहानी केली तिचा सर्वात जबर तडाखा बसलेल्या प्रांतांत आपला मध्यप्रांत व वऱ्हाड होता. परंतु इन्फ्लुएंझाचा रकानाच कोतवालाच्या वहीत नव्हता. मेलेल्यांची नोंद बहुतांशी 'ताप' म्हणून झाली. नेहमीच्या वर्षी तापाने किती मरतात व ह्या वर्षी किती अधिक मेले, ही वजाबाकी करूनच अधिकाऱ्यांस साथीच्या बळींचा अंदाज बांधावा लागला. एवढे मोठे संकट, आणि त्याचे नाव वहीत नाही!

येथे कोणी म्हणेल की संशयास्पद मृत्यूची चौकशी तर सरकार करीतच होते. होय, करीत होते. मुंबई व कलकत्ता येथे १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर नावाचा अधिकारी ज्यूरीसह चौकशी करी. मुंबईचे हे पद १९९९ साली रद्द झाले. नागपुरास कोरोनर कधीच नव्हता. येथे पोलिसांनी मर्ग नोंदवावा, पंचनामा करावा व जरूर तर प्रेत डॉक्टरकडे धाडावे, हीच वहिवाट. पण ह्या चौकशीचा रोख घातपात झाला की नाही एवढ्यावरच असतो. खाटेवर पडून, चारचौघांच्या देखत जो मरतो, त्याच्या कारणाविषयी कायदा फारसा विचारीत नाही. आणि बहुतेक माणसे तर अशीच मरतात.

बरे, डॉक्टरची सही असली म्हणजे तरी निश्चिंत राहावे काय? ह्याचे उत्तर इंग्लंडला फार भयंकर रीतीने मिळाले. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी हॅरोल्ड शिपमन नावाचा एक लोकप्रिय डॉक्टर होता. तो आपल्या वृद्ध रुग्णांस मॉर्फिनजन्य औषधाची सुई टोचून ठार करी आणि स्वतःच मृत्यूचे प्रमाणपत्र लिही. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही कायद्याने लागे. ती शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर देत. ज्या सहीने पहारा ठेवावयाचा ती शिष्टाचार होऊन बसली होती. १९९८ च्या मार्च महिन्यात त्याच दवाखान्यातील डॉक्टर लिंडा रेनॉल्ड्स ह्यांनी शंका काढली की ह्या गृहस्थाचे इतके रुग्ण का मरतात. परंतु पोलिसांचा पहिला तपास काही निष्पन्न न होता संपला. त्याच वर्षी एका बनावट मृत्युपत्रावरून तो पकडला गेला. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल त्यास शिक्षा झाली, व न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ ह्यांच्या चौकशीत २००२ साली बळींची संख्या २१५ ठरली. ज्याने मारले त्यानेच कारण लिहिले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ ते खरे मानले गेले.

ह्यातून इंग्लंडने जो धडा घेतला तो सावकाश घेतला. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूचे कारण एक स्वतंत्र परीक्षक डॉक्टर तपासतो. रुग्णावर त्याने उपचार केलेले नसतात. तो कागदपत्रे वाचतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलतो, आणि घरच्या माणसांस विचारतो की तुम्हांस काही शंका आहे काय. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण रुग्णाच्या उशाशी जागलेल्या माणसाने जे पाहिले असते ते पुष्कळदा केसपेपरवर नसते.

तथापि इंग्लंडची अडचण व आपली अडचण एक नव्हे. तेथे प्रत्येक मृत्यूस एक डॉक्टर होता, दुसरा हवा होता. आपल्या खेड्यापाड्यांत पहिलाच नसतो. जेथे डॉक्टर पोचलाच नाही तेथे मृत्यूचे कारण तपासावयाचे कसे? ह्या कोड्याचे एक उत्तर आपल्याच विदर्भाच्या मातीत शोधले गेले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

नागपुरात वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढून गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद सुरू केली. मूल गेल्यावर प्रशिक्षित कार्यकर्ता आईबापांकडे जाऊन विचारी: दूध पीत होते काय, श्वास जलद चालत होता काय, अंग गार पडले होते काय? ही हकीकत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावयाची व त्यांनी कारण ठरवावयाचे. ह्यास 'तोंडी शवचिकित्सा' म्हणता येईल. शस्त्राऐवजी येथे प्रश्न चालतात. तिचे निकष कोणते असावेत ह्यावरचा 'सर्च'चा लेख १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. त्याआधी १९९० साली ह्याच मंडळींनी दाखविले होते की गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्यास त्या रोगाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी राहतात. 'ताप' ह्या शब्दाच्या जागी 'न्यूमोनिया' हा शब्द आला, तेव्हा औषध कोणते द्यावयाचे हेही कळले.

पण ज्याने उपाय योजला त्यानेच निकाल द्यावा हे योग्य नव्हे, हे तत्त्व तेथेही पाळले गेले. १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांत नोंदलेल्या ७६३ नवजात बालकांपैकी ४० दगावली. त्या प्रत्येकाच्या नोंदी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नवजात-शिशुतज्ज्ञ डॉ. विनोद पॉल ह्यांनी वाचून कारण ठरविले. निम्म्याहून अधिक, म्हणजे २१ बालके, जंतुसंसर्गाने गेली होती. जंतुसंसर्गावर औषध असते! गावातील आरोग्यदूत स्त्रियांस नवजात बालकाची शुश्रूषा व इंजेक्शन शिकविल्यावर तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर सुरू केला, त्याचे मूळ येथे आहे. त्यापूर्वी २००१ साली 'कोवळी पानगळ' ह्या अहवालाने महाराष्ट्रास बजावले होते की सरकारी वहीत दिसणारे बालमृत्यू खऱ्या मृत्यूंचा केवळ एक भाग आहेत.

हीच रीत पुढे सबंध देशास लावली गेली. भारताच्या महानिबंधकांच्या खात्याने टोरांटोच्या एका संशोधन केंद्राच्या साह्याने 'दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास' हाती घेतला. २००१ पासून लाखो घरांतील मृत्यूंची हकीकत त्या त्या भाषेत टिपली गेली, व ती भाषा जाणणाऱ्या दोन डॉक्टरांकडे प्रत्येक हकीकत स्वतंत्रपणे गेली. एकाने काय ठरविले हे दुसऱ्यास कळत नसे. मतभेद झाला तर दोघांनी फिरून विचार करावा. तरीही जुळले नाही तर तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने निवाडा द्यावा. आम्हा शिक्षकांस ही पद्धत परिचयाची आहे. एकाच उत्तरपत्रिकेस दोन परीक्षकांनी परस्परांस न विचारता गुण द्यावे व फार अंतर पडल्यास नियामकाने पाहावे, ह्यात कोणाचाही अविश्वास नसतो. विद्यार्थ्यास न्याय मिळावा एवढाच हेतू असतो.

ह्या परीक्षेतून जे बाहेर आले ते थक्क करणारे होते. २००५ साली सर्पदंशाने देशात सुमारे ४६ हजार माणसे मेली असा हिशेब निघाला. रुग्णालयांच्या नोंदींत दिसणाऱ्या संख्येच्या तो कित्येक पट होता. कारण साप चावलेला शेतकरी बहुधा रुग्णालयात पोचतच नाही. हिवतापाचे वार्षिक मृत्यू २ लाख ५ हजार निघाले, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज अवघा १५ हजारांचा होता. संघटनेने हरकत घेतली की केवळ हकीकतीवरून हिवताप व इतर ताप वेगळे करणे कठीण आहे. ह्या हरकतीत तथ्य आहे, व अभ्यासकांनीही ते झाकले नाही: दोन्ही डॉक्टरांचे आरंभीच एकमत झाले तेवढेच मृत्यू धरले तर सव्वा लाख, दोहोंपैकी एकानेही हिवताप म्हटले ते सर्व धरले तर पावणेतीन लाखांच्या घरात, असे दोन टोकांचे आकडे त्यांनी छापले. कोतवालाच्या वहीतला 'ताप' शंभर वर्षांनंतरही पुरता उलगडला नव्हता. पण आता निदान आपले अज्ञान किती मोठे आहे ते मोजता येऊ लागले. स्वतंत्र परीक्षणाचा हा मोठा लाभ समजावा.

अलीकडचे उदाहरण तर आपण सर्वांनी भोगलेले आहे. कोविडच्या साथीत कोणता मृत्यू साथीचा व कोणता जुन्या आजाराचा, हे ठरविण्यास समित्या नेमाव्या लागल्या. आणि १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने फेरतपासणीअंती आधीचे १३२८ मृत्यू एकाच दिवशी कोविडच्या खात्यात घातले. १९१८ साली जे वजाबाकीने करावे लागले ते ह्या वेळी कागदपत्रे वाचून करता आले. उशिरा का होईना, चूक सरकारनेच दुरुस्त केली. मातामृत्यूंच्या बाबतीतही २०१० पासून प्रत्येक मृत्यूचा आढावा घेण्याची पद्धत देशभर घालून दिलेली आहे.

तरीही पुष्कळ काम उरले आहे. २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंच्याच कारणास डॉक्टरी प्रमाणपत्र होते. असलेल्या प्रमाणपत्रांतही 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिलेले आढळते. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते! ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. छापील नमुन्यात खाली खाली उतरत जाणाऱ्या ओळी असतात: शेवटी काय झाले, ते कशामुळे झाले, आणि मुळाशी कोणता रोग होता. ह्या मुळाच्या ओळीसाठीच सारा खटाटोप आहे. १९६९ च्या नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने सरकारी व खाजगी सर्व रुग्णालयांवर हे प्रमाणपत्र विनामूल्य देण्याचे व त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकास देण्याचे बंधन आले आहे.

श्रोतेहो, दुःखाच्या प्रसंगी कागद वाचण्याचे भान कोणास असते, असे आपण म्हणाल. ते खरे आहे. पण सुतकाचे दिवस सरल्यावर तरी घरातील एखाद्या जाणत्या माणसाने ती प्रत वाचावी, मुळाच्या ओळीत काय लिहिले आहे ते पाहावे, आणि न पटल्यास नम्रपणे डॉक्टरांस विचारावे. ह्यात डॉक्टरांचा अवमान नाही. दुसरा परीक्षक अजून आपल्या दारी आलेला नाही. तो येईपर्यंत ते काम थोडेफार घरच्यांसच करावे लागेल. श्राद्धाच्या दिवशी आपण मृताचे नाव व गोत्र अचूक उच्चारतो. त्याच्या मरणाचे कारणही तितकेच अचूक नोंदले जाईल तर त्याच्यामागून येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा जीव वाचेल. आणि ह्याहून मोठे तर्पण ते कोणते?