सुट्टीपुरता इंग्रजीचा मास्तर

जपानमध्ये इंग्रजी शिकवणारा पहिला 'नेटिव्ह स्पीकर' म्हणून ज्याचं नाव घेतात, तो कैदी होता.

रॅनल्ड मॅकडॉनल्ड त्याचं नाव. (नाही, बर्गरवाल्याशी काही संबंध नाही.) जन्म १८२४ चा, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी. बाप स्कॉटिश, हडसन्स बे कंपनीच्या नोकरीतला. आई तिथल्या चिनूक जमातीच्या सरदाराची मुलगी. त्या काळात जपानची दारं परदेशी माणसाला बंद होती. डच आणि चिनी व्यापाऱ्यांना नागासाकीत तेवढी परवानगी. बाकी कोणी किनाऱ्याला लागला की थेट अटक. हे सगळं माहीत असूनही या पठ्ठ्याने १८४८ मध्ये देवमासे मारणाऱ्या एका जहाजावरून छोटी होडी घेतली, जहाज फुटल्याचं सोंग केलं आणि होक्काइडोच्या उत्तरेकडच्या बेटांवर जाऊन उतरला. का? तर जपान बघायचा होता म्हणून!

अपेक्षेप्रमाणे पकडला गेला आणि नागासाकीला रवाना झाला. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी एक शहाणपणा केला. त्यांच्याकडे डच भाषेचे तरबेज दुभाषे होते, आणि समुद्रात मात्र आता इंग्रजी बोलणारी जहाजं वाढायला लागली होती. तेव्हा त्यांनी १४ दुभाष्यांना या कैद्यापुढे शिकायला बसवलं. सुमारे सात महिने हा वर्ग चालला. एप्रिल १८४९ मध्ये 'प्रेबल' नावाचं अमेरिकन लढाऊ जहाज आलं आणि मास्तरांना घेऊन गेलं.

सात महिन्यांचं कंत्राट, राहणं-खाणं फुकट, परतीचा प्रवासही फुकट. परदेशात थोड्या दिवसांसाठी इंग्रजी शिकवण्याचं पॅकेज तेव्हाच ठरलं होतं म्हणायचं!

गंमत म्हणजे आजच्या नियमांनी मॅकडॉनल्डला हे काम मिळालं नसतं. पदवी नाही, आणि देशात घुसला तोही बेकायदा. पण हे नियम आले कुठून आणि ते नेमकं काय मोजतात, हे जरा खोदून बघितलं तर मजेशीर (आणि थोडा चीड आणणारा) इतिहास हाती लागतो. हा विषय डोक्यात येण्याचं कारण साधं आहे. आमच्या टीममधल्या एका मुलीची बहीण नाशिकला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. बी.एड. झालेली, सहा वर्षांचा अनुभव. युरोप-अमेरिकेतली कॉलेजची पोरं सुट्टीत कोरियाला जाऊन महिनाभर इंग्रजी शिकवतात आणि वर फिरूनही येतात, हे तिने कुठेतरी वाचलं. तिचा प्रश्न होता, मे महिन्याच्या सुट्टीत मला असं जाता येईल का?

उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊ.

१८७८ साल. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावात मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषा शिकवण्याची शाळा काढली. या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी की, बर्लिट्झनी फ्रेंच शिकवायला निकोलस जोली नावाचा मदतनीस नेमला आणि तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजीचा गंधही नाही. त्यातच बर्लिट्झ आजारी पडले. जोलीने हातवारे करत, वस्तू दाखवत, फक्त फ्रेंचमध्ये वर्ग चालवला. काही आठवड्यांनी बर्लिट्झ परतले तेव्हा विद्यार्थी फ्रेंचमध्ये उत्तरं देत होते. यातून 'बर्लिट्झ पद्धत' जन्मली. भाषांतर नाही, व्याकरणाचं पाठांतर नाही, आणि शिकवणारा त्या भाषेत वाढलेला हवा.

ही पद्धत धंद्यालाही फार सोयीची. मास्तरला विद्यार्थ्यांची भाषा यायची गरज नाही, म्हणजे कुठलाही इंग्रज उचला आणि कुठल्याही शहरात नेऊन बसवा. बर्लिट्झच्या शाळा युरोपभर पसरल्या आणि खिसे रिकामे असलेल्या तरुणांना परदेशात राहायची एक सोय झाली. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध तरुण म्हणजे जेम्स जॉयस. १९०४ मध्ये एका एजन्सीच्या भरवशावर तो झुरिकच्या बर्लिट्झमध्ये नोकरी आहे असं समजून गेला. तिथे जागाच नव्हती! तिथून त्याला ट्रिएस्टला धाडलं, ट्रिएस्टहून पोला या बंदरात, आणि तिथे तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदल अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवायला लागला. 'जागा पक्की आहे' म्हणणारा एजंट आणि पोचल्यावर गायब झालेली नोकरी, या प्रकाराला शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे तर.

पण जॉयस काही सुट्टीपुरता गेला नव्हता. 'थोडे दिवस जाऊन येऊ' हा प्रकार सोपा केला तो १९६२ मध्ये. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने १९५३ मध्ये स्पेनमधल्या कॉर्दोबात भाषेची शाळा काढली होती, मग १९५९ मध्ये लंडनला. शिक्षक कमी पडायला लागले तेव्हा त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा छोटा प्रॅक्टिकल कोर्स सुरू केला. पहिल्या दिवसांपासून खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं आणि शिकवायचं. काही आठवड्यांत शिक्षक तयार! आज 'सेल्टा' म्हणून ओळखला जाणारा कोर्स याच मुळातून वाढलेला आहे. बी.एड. करायला वर्ष-दोन वर्षं घालवणाऱ्यांनी इथे एक दीर्घ श्वास घ्यावा.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्याबद्दलची परिषद भरली होती. तिथून घट्ट झालेल्या समजुतींची यादी रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या 'लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम' या पुस्तकात केली. त्यातली एक समजूत अशी की, इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर. फिलिप्सन यांनी तिला सरळ 'फॅलसी' म्हटलं. चांगलं शिकवणं हे जन्माने येत नाही, प्रशिक्षणाने येतं. शिवाय ज्याने ती भाषा स्वतः धडपडत शिकलेली असते, त्याला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असतं.

पण तोपर्यंत गणित जमून गेलं होतं. १९६१ च्या समजुतीने ठरवलं की कोण शिकवणार, आणि १९६२ च्या कोर्सने ठरवलं की त्याला तयारीला किती वेळ लागणार. पासपोर्ट अधिक काही आठवडे. बास. (बऱ्याच ठिकाणी तेवढ्या आठवड्यांचीही अट नसते.)

पुढे पूर्व आशियात पैसा आला आणि हा बाजार फुटला. जपान सरकारने १९८७ मध्ये 'जेट' कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. काम सहाय्यक शिक्षकाचं, करार वर्षाचा. कोरियात सुट्टीतल्या 'इंग्लिश कॅम्प'ची लाट आली. आता या कॅम्पचं वेळापत्रक बघा. कोरियन शाळांना सुट्टी दोनदा, जुलै-ऑगस्टच्या सुमारास आणि मग जानेवारीच्या थंडीत. उन्हाळ्यात अमेरिका-ब्रिटनची कॉलेजं बंद असतात, तिकडची मुलं मोकळी. आणि जानेवारीत? तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उन्हाळा, म्हणजे तिथली मोठी सुट्टी! आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंची मेंटेनन्स विंडो बरोब्बर जुळते. ९० दिवसांच्या आतल्या अशा कामासाठी कोरियाचा 'सी-४' नावाचा वेगळा व्हिसाही आहे. (टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवणं बेकायदा, मग एजंट काहीही सांगो.)

आता नाशिकच्या बाईंची पहिली अडचण लक्षात आली असेल. आपली मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा कोरियातली मुलं शाळेत असतात, आणि त्यांचा कॅम्प भरतो तेव्हा आपल्याकडे घटक चाचणी!

पण समजा रजा टाकली. मग दुसरी अडचण. कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी सात देश ठरलेले आहेत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. शेवटच्या नावापाशी जरा थांबा. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेत घरात इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणून तिथल्या उमेदवारांकडून कोरियाचा सरकारी कार्यक्रम शिक्षण इंग्रजी माध्यमात झाल्याचा दाखला मागतो. म्हणजे घरची भाषा झुलू असो की आफ्रिकान्स, शाळा इंग्रजी असली की चालतं. ठीक आहे, चांगलंच आहे. पण मग बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नाशिकच्या मुलीचा दाखला का चालत नाही? डरबनमधल्या तमिळ घरातली मुलगी नेटिव्ह, आणि चेन्नईतली तिची दूरची चुलतबहीण मात्र नाही. दोघींच्या भाषेत फरक असेल-नसेल, यादीला दिसतो तो पासपोर्टचा रंग.

दार अगदीच बंद आहे असं नाही. भारत-कोरिया व्यापार करार (सेपा) १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना शाळांमध्ये सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. अट अशी की पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत पात्रता हवी. पुन्हा वाचा. सात देशांतल्या तरुणाला कुठल्याही विषयाची पदवी चालते, आपल्याला मात्र शिक्षकाचा परवाना लागतो. एका अर्थाने आपली अट जास्त शहाणी आहे, शिकवायला येणाऱ्याला शिकवता यावं अशी! फक्त ती सगळ्यांना का नाही, एवढाच प्रश्न.

फ्रान्सची कथा वेगळी. युरोपात देशादेशांमध्ये भाषा-सहाय्यकांची देवाणघेवाण १९०५ पासून, ब्रिटन आणि फ्रान्सच्या करारापासून चालू आहे. आज फ्रान्स भारतातूनही इंग्रजीचे सहाय्यक घेतं. साधारण सात महिने शाळेत काम, आणि अट काय तर तुम्हाला फ्रेंच यायला हवं. म्हणजे बर्लिट्झच्या बरोबर उलट! मला ही अट फार आवडली. शिकणाऱ्याची भाषा थोडी तरी कळणारा माणूस पाठवा, इतका साधा विचार.

आणि 'भारतीय माणूस परदेशात इंग्रजी शिकवणार?' असं हसणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. भूतानने १९६० च्या दशकात इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या, तेव्हा तिथल्या फळ्यासमोर मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक होते. हैले सेलासीच्या काळात इथिओपियात केरळचे शिक्षक गावोगावी होते. हैदराबादला १९५८ मध्ये सुरू झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था (आताचं 'एफ्लू' विद्यापीठ) परदेशांतून आलेल्या अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना इंग्रजी शिकवत आलेली आहे. थोडक्यात काय, ज्यांना इंग्रजी शिकायची होती त्यांना भारतीय मास्तर चालला. ज्यांना ब्रोशरवर फोटो छापायचा होता, त्यांना नाही चालला.

ज्यांच्याकडे 'योग्य' पासपोर्ट होता त्यांचंही सगळं सुखाचं झालं असं नाही. जपानमधली इंग्रजी क्लासची सगळ्यात मोठी साखळी 'नोव्हा' ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. काहींवर तर जेवणाच्या बदल्यात शिकवण्या घ्यायची वेळ आली. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमधल्या शिकवण्या बंद केल्या. परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम काही आठवड्यांत गेलं. पासपोर्टवर मिळालेली नोकरी दुसऱ्याच्या एका सरकारी आदेशाने जाते, कारण तिच्याखाली कौशल्याचा पाया कोणी मागितलेलाच नसतो.

तर नाशिकच्या बाईंना काय सांगायचं? मी सांगितलं ते असं. मे महिन्याचा हिशेब जुळत नाही. जायचंच असेल तर करारातल्या सहाय्यक शिक्षकाच्या वाटेने किंवा थोडं फ्रेंच शिकून लांबच्या मुदतीचा विचार करा. एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका, आणि व्हिसा कुठला ते आधी विचारा. आणि 'नेटिव्ह' नसल्याचं वाईट तर अजिबात वाटून घेऊ नका.

कारण मॅकडॉनल्ड गेल्यानंतर काय झालं ते सांगायचं राहिलंच. त्याच्या १४ विद्यार्थ्यांत सगळ्यात हुशार होता मोरियामा एइनोसुके. १८५४ मध्ये कमोडोर पेरी आरमार घेऊन आला, तेव्हा वाटाघाटींत जपानच्या बाजूने जो दुभाषा उभा होता तो हाच. पुढे एदो शहरात इंग्रजी शिकायची म्हणजे कोणाकडे जायचं, तर मोरियामाकडे. आधुनिक जपानचे मोठे विचारवंत फुकुझावा युकिचीसुद्धा १८५९ मध्ये त्याचं दार ठोठावत होते, पण करारांच्या कामातून त्याला शिकवायला फुरसत मिळेना.

सुट्टीपुरता मास्तर सात महिन्यांत जहाजात बसून निघून गेला. इंग्रजी जपानमध्ये राहिली ती, जो ती घासून-पुसून शिकला होता, त्याच्याकडे.