गोखल्यांचं हृदय आणि मनाचा दाह

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले पुण्यात वारले. वय अवघं ४८. त्याच महिन्यात गांधीजी त्यांना भेटायला आले होते. भारत सेवक समाजात पाहुण्यांसाठी अल्पोपाहार ठेवला होता. तिथवर चालत येतानाच गोखल्यांना भोवळ आली आणि त्यांना परत न्यावं लागलं. अशी भोवळ त्यांना आधीही येत असे, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे.

गोखल्यांना मधुमेह होता, जोडीला हृदय थकल्यामुळे लागणारी धाप. इन्सुलिनचा शोध १९२१ चा, म्हणजे त्यांच्यानंतरचा.

माणूस मनानं फार हळवा. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी पुण्यात केलेल्या जुलमांविषयी आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनीच झोड उठवली. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. अखेरच्या महिन्यांतही काँग्रेसच्या समेटावरून टिळकांशी कडवट वाद चालू होता.

मग गोखल्यांचा जीव टेन्शननं घेतला का? मला विचाराल तर मधुमेह एकटाच पुरेसा होता. टिळकांनाही मधुमेह होता, वर सहा वर्षं मंडालेचा तुरुंग, तरी ते ६४ वर्षं जगले. एकदोन आयुष्यांवरून असा निकाल देता येत नाही. पण "टेन्शनमुळेच अटॅक आला ना, डॉक्टर?" हे रुग्ण रोज विचारतात, आणि तो प्रश्न वेडगळ नाही.

१९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी 'टाइप ए' स्वभाव मांडला: सतत घाई, चढाओढ, चिडचिड. पुढच्या अभ्यासांत तो सिद्धांत बराच लंगडा पडला. त्यातला रागीटपणा तेवढा थोडाफार टिकला. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये डेनोलेट यांनी 'टाइप डी' सांगितला, म्हणजे आतल्या आत कुढणारा आणि चारचौघांत मन मोकळं न करणारा माणूस. त्याचेही सुरुवातीचे आकडे नंतर फिके पडले. म्हणून स्वभावाला चिठ्ठी चिकटवून घाबरू नका.

दाहाचा धागा मात्र जास्त भक्कम आहे. रक्तवाहिनीतला चरबीचा थर म्हणजे नळात साचलेला गाळ नव्हे. त्यात पांढऱ्या पेशी शिरतात, धुमसतात, थरावरचं आवरण पातळ करतात. ते फाटलं की गुठळी होते आणि अटॅक येतो. मग मनाचा संबंध कुठे? २०१७ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी २९३ जणांचे स्कॅन तपासले. मेंदूत भीती हाताळणारा बदामाएवढा भाग ज्यांच्यात जास्त जागा होता, त्यांच्यात अस्थिमज्जा जास्त काम करत होती, रक्तवाहिन्यांत दाह जास्त होता आणि पुढे हृदयाचे आजारही जास्त झाले. यातून नातं दिसतं. कारण सिद्ध होत नाही.

दाहाचं कारण मन एकटंच नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले. २००८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गावाकडून शहराकडे येता येता चरबी वाढलेली दिसली आणि तिच्यासोबत रक्तातल्या दाहाच्या खुणाही. तेव्हा पोटाचा घेर विसरून फक्त टेन्शनला दोष देणं सोयीचं आहे, खरं नाही.

मन सावरलं की अटॅक टळतो का? अमेरिकेतल्या २००३ च्या एका मोठ्या चाचणीत अटॅकनंतरच्या नैराश्यावर उपचार केले. मनःस्थिती सुधारली, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारे अटॅक कमी झाले नाहीत. तरी मी ते उपचार सुचवतोच. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, आणि मुळात तो त्रासात असतो.

स्वतःच्या मनानं सीआरपीची तपासणी करत बसू नका. साध्या सर्दीनंही तो आकडा वाढतो. दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर पुढच्या भेटीत ईसीजीच्या कागदासोबत तेही सांगा.